लाईन काढा

ऑफिसात फोन उचलायचं काम माझ्याकडे नव्हतं. चंद्रपुरात आमचं लहानसं, दुकानासारखंच ऑफिस होतं. शाळा, दवाखाने, छोट्या संस्था यांची कॉम्प्युटरं आम्ही सांभाळायचो. मशीनशी माझं पटायचं. माणसांशी कमी, फोनवर त्याहून कमी आणि मराठीत तर फारच कमी. शाळा सगळी इंग्रजीतून झालेली. कुणी 'बेचाळीस' म्हटलं की मला आजही मनात आकडा इंग्रजीत करून बघावा लागतो. त्यामुळे फोन सर घ्यायचे. त्या दुपारी सर जिवतीला गेले होते आणि तिथल्या डोंगरात रेंज मिळण्याचा भरवसा नव्हता. फोन वाजत राहिला. शेवटी मी उचलला.

पलीकडे पोंभुर्ण्याच्या बाई होत्या. आम्ही त्यांना नुसतं बाईच म्हणायचो. दोन खोल्यांची त्यांची संस्था होती आणि देखरेखीला एक माणूस, त्यांना सगळे भाऊ म्हणायचे. बाई जंगलातल्या गावांत जाऊन म्हाताऱ्या बायकांची गोंडी गाणी आणि गोष्टी रेकॉर्ड करून आणायच्या. कित्येक वर्षांचं ते सगळं काम एका जुन्या मशीनमध्ये होतं. दुसरी प्रत करून ठेवा, असं सरांनी दरवेळी सांगितलं होतं. त्यासाठी बाईंनी डिस्क आणलीही होती, पण ती अजून खोक्यातच होती.

"सर कुठी आहेत?"

"जिवतीला."

"मंग तूच ऐक बेटा. माझा माउस आपल्या मनानं फिरून राह्यला. मी हातबी नाई लावला."

मागून भाऊंचा आवाज आला, "मी पाहून राह्यलो ना! मशीनले भूत लागलं."

"भूत नाई, चोर आहे. तू गप राय."

मग बाईंनी भराभर सांगितलं. मघाशी कुणाचा तरी फोन आला होता. इंटरनेट कंपनीतून बोलतोय, लाईन स्लो आहे, नीट करून देतो. बोलणं हिंदी आणि फार गोड. त्यानं सांगितलेलं ॲप बाईंनी मशीनवर टाकलं. मग तो मोबाईलवर आलेला ओटीपी मागायला लागला, तेव्हा बाईंना समजलं. त्यांनी त्याला असं झाडलं, की तो म्हणाला, अब देखो मैं क्या करता हूँ. आणि फोन ठेवून दिला.

"आता काय करतोय तो?"

"फोल्डरं पुसून राह्यला." बाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "गावाच्या नावानं केले होते ना मी ते. गावं जाऊन राह्यली बेटा. एकेक गाव."

पोंभुर्ण्यातल्या त्या खोलीत मी एकदा गेले होते. खिडकीबाहेर मोहाचं झाड होतं, भिंतीला बाईंची छत्री टांगलेली होती. त्या खोलीत पडद्यावर एक पांढरा बाण फिरत होता, आणि तो फिरवणारा हात कुठल्या गावात, कुठल्या राज्यात होता कुणाला माहीत. त्या हातानं कधी मोहाचं झाड पाहिलं तरी असेल का? मला भीती वाटायला हवी होती. पण पहिल्यांदा वाटलं ते नवल.

सरांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं: मशीनमध्ये कुणी शिरलं, तर आधी तोडायचं, मग बघायचं, आणि मशीन बंद करायचं नाही. तोडायचं म्हणजे नेट, कारण आत आलेला माणूस त्याच वाटेनं आलेला असतो. बंद का नाही करायचं, तर कोण आला, त्यानं काय उघडलं, मागे काय ठेवून गेला, यातलं पुष्कळसं मशीनच्या चालू स्मरणात असतं. ते स्मरण विजेवर जगतं. वीज गेली की गेलं. शिवाय मशीन पुन्हा सुरू होताना त्यानं मागे ठेवलेलं काही जागं होईल, तेही सांगता येत नाही.

हे सगळं मला पाठ होतं. इंग्रजीत. मी ओरडले, "लाईन काढा! बाई, आधी लाईन काढा!"

आमच्या ऑफिसात लाईन म्हणजे नेट. लाईन डाऊन आहे, लाईन आली, हे आम्ही दिवसभर बोलतो. पण माझ्या स्वतःच्या घरी पंखा थांबला की आई म्हणते, "लाईन गेली." आमच्या अख्ख्या भागात लाईन म्हणजे वीज. शब्द तोंडातून सुटला आणि मला ते आठवलं.

"भाऊ, लाईन काढ! पळ!"

"नाही, बाई, ती नाही..."

चपला धावल्या. लांबून खट्ट असा मोठा आवाज आला. फोनमध्ये इतका वेळ पंख्याची घरघर होती, ती मंदावत मंदावत थांबली. भाऊ विजयानं ओरडले, "मेनच पाडला! आता कसा येते पाहू!"

मी डोळे मिटून घेतले. मग त्या शांततेत टीं... टीं... असा आवाज यायला लागला.

"बाई, स्क्रीन दिसतोय?"

"दिसून राह्यला ना. त्या बॅटरीच्या डब्ब्यावर चालू आहे. तोच बोंबलून राह्यला."

"आणि बाण?"

"थांबला," त्या म्हणाल्या.

मशीन यूपीएसवर होतं. नेटचा राउटर मात्र सरळ भिंतीवरच्या सॉकेटमध्ये होता. भाऊंनी मेन पाडला तेव्हा राउटर मेला आणि मशीन जिवंत राहिलं. मी जे सांगायला हवं होतं ते मी सांगितलंच नव्हतं, आणि तरी नेमकं तेच घडलं होतं. कुठेतरी दूर एका माणसाच्या हातातून एक खोली निसटली होती.

पण तो टीं टीं आवाज चांगला नव्हता. बॅटरी जुनी होती. ती संपली की मशीन बंद पडणार. आणि आत्ता मेन लावला तर राउटर उठणार, आणि त्याच्यामागून तो पुन्हा आत.

"बाई, मेन एवढ्यात लावू नका."

"लावू नको म्हणते रे!"

"आताच तर काढ म्हणे!" भाऊ म्हणाले. "ऑफिसवाल्यायचं काही समजतच नाई."

"मशीनच्या मागे निळी वायर आहे. ती काढायची."

भाऊ टेबलाखाली शिरले. डोकं आपटल्याचा आवाज आला. "इथी दोन निळ्या आहेत!"

एक निळी स्क्रीनची असणार. ती काढली असती तर आम्हाला काहीच दिसलं नसतं. "बारकी," मी म्हणाले. "टेलिफोनच्या पिनेसारखी, थोडी रुंद. एक चिमटा असतो. तो दाबून ओढा."

"दाबला. नाई येत. थांबा... आली! आली बाई, शेपटी आली हातात!"

"बाण?"

"हलून नाई राह्यला."

"आता मेन लावा."

खट्ट झालं. पंखा घरघरला. टीं टीं थांबलं. मी श्वास सोडला, तो बाईंना ऐकू गेला असावा, कारण त्या म्हणाल्या, "रडू नको बेटा." मी रडत नव्हते.

मग मला बोलता यायला लागलं. कशालाही हात लावायचा नाही. ते ॲपही काढायचं नाही. मोबाईलवरून स्क्रीनचा फोटो घ्यायचा, आणि त्याच मोबाईलवरून बँकेला फोन करून सगळं सांगायचं. काही सेव्ह करायचं नाही, कारण पुसलेलं लगेच नाहीसं होत नाही. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ते तिथेच असतं, फक्त दिसत नाही.

"म्हणजे गावं आहेत?"

"असतील," मी म्हणाले. याहून जास्त म्हणायची माझी हिंमत नव्हती.

"मी हात नाई लावत. पाणी पिऊ का?"

"प्या ना, बाई."

सरांना रेंज आली तेव्हा त्यांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "चालू आहे ना?" मी मिळाली ती एसटी पकडली. पोंभुर्ण्याला पोचले तेव्हा अजून ऊन होतं. भाऊंनी कीबोर्डवर आपला खांद्यावरचा दुपट्टा टाकून ठेवला होता आणि दाराशी खुर्ची घेऊन ते बसले होते. आत पडदा उजळलेला होता. बाण एका गावाच्या नावावर उभा होता, जसाच्या तसा. त्याच्या आधीची नावं यादीत उरली नव्हती. देवळाच्या गाभाऱ्यात जाताना आपण जसे आवाज कमी करतो, तशी मी त्या टेबलाशी गेले.

मशीनचं चालू स्मरण मी आणलेल्या डिस्कवर उतरवून घेतलं. मगच ते बंद केलं. सरांनी नंतर ऑफिसात त्यातली डिस्क काढून तिची प्रत केली, आणि त्या प्रतीतून पुसलेलं शोधायला सुरुवात झाली.

फायली परत आल्या. सगळ्या नाही, काही फुटक्या आल्या, त्यांत नुसती खरखर होती. आणि आल्या त्यांची नावं गेलेली. गाव नाही, गाणारीचं नाव नाही, नुसते आकडे. कोणता आवाज कोणाचा, हे मशीनला आता माहीत नव्हतं.

बाई चंद्रपूरला आल्या, माझ्याशेजारी बसल्या आणि कानाला हेडफोन लावले. मी एक स्पीकर लहान आवाजात चालू ठेवला. एकेक फाईल लावायची, बाई क्षणभर ऐकायच्या आणि गाव सांगायच्या. "ही नदीकडची. हिले दात नाई, हासते तवा शीळ वाजते. ही हिची जाऊ, दोघी बोलत नव्हत्या, म्हणून येगयेगळ्या घेतल्या." रेलाचं, फेर धरून नाचायचं गाणं लागलं की त्यांची बोटं टेबलावर ताल धरायची. मी टाईप करत गेले. मी चंद्रपुरात जन्मले, तिथेच वाढले, आणि गोंडी इतका वेळ कानावर येण्याची माझी ती पहिली वेळ होती. एक शब्द समजत नव्हता. तरी मला उठावंसं वाटेना.

मग एक फाईल आली. एक तरुण मुलगी गोंडीत काहीतरी विचारत होती, फार अडखळत. खूप बायका हसल्या. तिनं पुन्हा विचारलं. त्या आणखी हसल्या.

बाईंनी ती परत लावायला सांगितली. "हासणाऱ्या ओळखू येऊन राह्यल्या. त्यातल्या कितीक तर आता नाईतच. पण ही पोरगी कोण?" त्यांचा चेहरा उतरला. "कुठची शहरातली आली असंल. मले आठवूनच नाई राह्यली."

मी ऐकत होते. चुकेल म्हणून शब्द आधी जिभेवर धरून ठेवायचा आणि मग एकदम सोडून द्यायचा, हे मला चांगलं ओळखू येतं. पण आवाजही ओळखीचा होता. फोनवर 'एकेक गाव' म्हणताना तो असाच बारीक झाला होता.

"बाई," मी म्हणाले, "ह्या तुम्ही आहात."

"मी?"

त्यांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले. मी पुन्हा लावली. त्या अजिबात हलल्या नाहीत. बायका हसल्या त्या जागी बाईही हसल्या, आणि मग डोळे पुसायला लागल्या.

"पाणी मांगितलं होतं मी," त्या म्हणाल्या. "काय भलतंच बोलून गेली, बाप्पा. हासणार नाई त काय!"

"फाईलला नाव काय देऊ?"

"नाव मंग देजो," बाई म्हणाल्या. "अजून एक डाव लाव."