माळावरचं विद्यापीठ

गावाबाहेरच्या माळावर राष्ट्रीय विद्यापीठ व्हावं म्हणून आमच्या सरांनी उभं आयुष्य घालवलं. विद्यापीठ झालंच नाही. त्याच्या आवारात ठरलेलं हुतात्मा स्मारक तेवढं उभं राहिलं, आणि आता तेही लग्नाला भाड्याने देतात.

हल्ली सरांना नीट दिसत नाही, आठवणींचीही सरमिसळ होते. परवा हट्टच धरला, म्हणून त्यांना तिथे घेऊन गेलो. आत मुलामुलींचा हसण्याखिदळण्याचा गलका चालला होता. सर दारातच थांबले. त्यांचा चेहरा उजळला.

"केवढी मुलं आली आहेत रे! तास नाही का चालू?"

"मधली सुट्टी आहे, सर."

तेवढ्यात आत सनई सुरू झाली. सरांनी माझा दंड घट्ट धरला.