भुरीची राखण

जळगाव जामोदला एसटीतून उतरलो तेव्हा गळ्यात दुर्बीण होती आणि डोक्यात कोळसुने (रानकुत्रे). सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांची टोळी फिरते, असं ऐकलं होतं. हा भाग काही वाळवंट नव्हे. पण एप्रिलात तिथल्या उघड्या माळावर उभं राहिल्यावर हा फरक फारसा उरत नाही.

"कोळसुने नाहीत हो ते," डोंगरातून उठवून खाली वसवलेल्या गावात नामदेवबाबा म्हणाले. वय सत्तरीचं. "आमचेच कुत्रे हायेत. आम्ही आलो, ते राह्यले. आता रानटी झाले."

टोळीनं बकऱ्या मारल्या होत्या. शेतकरी विष घालणार होते. टोळीत बाबांची कुत्री भुरीही होती. तिला आजच आणायचं म्हणून ते निघाले होते. मी मागे लागलो.

चढावर माझ्या महागड्या बुटाचा तळ उकलला. बाबांनी तो सुतळीनं बांधून दिला, हसले मात्र नाहीत. कोरड्या नाल्यात बसून भाकर-ठेचा खाल्ला. एक भाकर त्यांनी बाजूला ठेवली.

"तिला मागे का ठेवलं?" विचारायला नको होतं, पण विचारलं.

"सामान दोन खेपांत आणलं. पहिल्या खेपेले म्हणलं, भुरे, राखण कर, मी येतो. दुसरी खेप पोरानं आणली. मले वाटलं, ती गाडीमागं येईन."

जुन्या गावात नुसती जोती (घरांचे पाये) उरली होती. बाबांच्या अंगणात फासळ्या निघालेली पिवळट कुत्री बसली होती. "यू यू, भुरे," त्यांनी हाक मारली. तिची शेपटी जराशी हलली. मला हायसं वाटलं. भाकर पुढे करत बाबांनी अंगणात पाय टाकला, तशी ती दात विचकून अंगावर आली. ते मागे सरले, ती थांबली. तीनदा हेच झालं.

"पिसाळली का?"

"नाही. राखण करून राह्यली."

भाकर बाहेरच ठेवून आम्ही उतरलो. परतीच्या एसटीत मला माझीच लाज वाटत होती. रानटी जनावर पाहायची हौस घेऊन गेलो होतो, आणि एका म्हाताऱ्याला त्याच्याच दारातून परत फिरताना पाहून आलो.

पंधरा दिवसांनी फोन केला.

"विष घातलं लोकायनं," बाबा म्हणाले. "भुरी खाऊन बी अंगणातच येऊन पडली. तिथंच पुरली."

"अंगणात?" मी विचारलं.

"आत जाऊ दिलं मले," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.