रिकाम्या फांदीवरचा पक्षी

पक्षी बघायचा असला की हिराजीदादा आधी मान खाली घालत. डोळे मिटून कान देत, पक्ष्याचं नाव सांगत आणि मग कुठे गळ्यातली दुर्बीण वर जाई. "आधी कान, मंग डोले," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दादा पनवेलजवळच्या विचुंब्याचे. कळंबोलीच्या लोखंडबाजारात आमच्या शेठच्या यार्डात ते क्रेन चालवत. शाळा चौथीपर्यंत, पण केबिनमधून खाडीवरचे पक्षी बघता बघता त्यांना जे कळलं होतं, ते मला बी.कॉम. होऊनही कळत नव्हतं. मी खाली उभा राहून माल उतरवून घ्यायचो. डोक्यावर पत्र्यांची थप्पी लोंबत असायची आणि मी बिनघोर असायचो, कारण वर दादा होते.

पंच्याण्णव-शहाण्णवची गोष्ट. धंद्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून शेठने आम्हा पाच जुन्या माणसांना चार दिवस सिंगापूरला नेलं. बाकीचे दुकानांत घुसले. दादांनी मला ओढत बागेत नेलं. "दुकाना काय, पनवेलला पन हायेत." झाडावर साळुंकी ओरडली, तसे दादा खूश झाले. "ही तर आपलीच! हिनं पासपोर्ट कवा काडला?"

पुढे तळ्याच्या काठी पाच-सहा हातांवर एक भलामोठा बगळा उभा होता, अगदी मुकाट. दादांचं लक्षच नाही. मी बोट दाखवलं, तर दुर्बीण भलतीकडेच लागली. चेष्टा करत असतील म्हणून मी हसलो, पण मनात पाल चुकचुकली. मग मी समोरच्या एका रिकाम्या फांदीकडे बोट केलं. "दादा, तो निळा बघा."

दुर्बीण वर गेली. "हाय, हाय. बेस हाय रं."

आणि मला यार्डातली क्रेन आठवली. वर्षभर दादा सांगत होते, "हात नको हालवू, तोंडान सांग." म्हातारपणाचा लहरीपणा समजून मी खालून ओरडत होतो. म्हणजे वर्षभर ती थप्पी माझ्या ओरडण्यावर खाली येत होती!

"दादा, फांदीवर काही नव्हतं," मी म्हणालो.

ते बाक चाचपून बसले. "काचबिंदू हाय. घरी पन ठाव नाय. रिटायर व्हाला दोन वर्सा ढकलाची हायेत, सुधीर. शेठला बोलू नको." त्यांनी माझं मनगट धरलं.

मी शेठला बोललो नाही. परत आल्यावर क्रेनखाली दुसऱ्या कुणाला उभं करायची हिंमत होईना, म्हणून रोज मीच उभा राहिलो. तेवढ्याने माझी जबाबदारी संपते, असं स्वतःला पटवत होतो. पण हमाल तिथूनच ये-जा करत होते. थप्पी हलली की मी त्यांना ओरडून मागे सारायचो.

चौथ्या दिवशी मी ओरडत होतो, "सावकाश... डावीकडे... सोडा!" थप्पी बरोबर जागेवर टेकली. काहीही चुकलं नव्हतं. तरी क्रेन बंद झाली आणि दादा एकेक पायरी चाचपत खाली आले.

"तुजा आवाज कापतंय. चार दिस ऐकतंय मी. तुना माजा भ्या वाटतं."

"नाही हो दादा," मी म्हणालो. तेही कापतच.

"मी बोललो, सांगू नको. माजी अक्कल भ्यायली व्हती. तुजी कुठं गेल्ती? खाली मानसा व्हती रं!"

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. दादा शेठच्या ऑफिसकडे निघाले. समोरून दोन हमाल खांद्यावर लांब सळ्या घेऊन येत होते. मी धावत जाऊन दादांचा हात धरला. त्यांनी तो झटकला आणि सगळ्या यार्डाला ऐकू जाईल असा आवाज दिला, "बाजूला व्हा रं! मना दिसत नाय."