तीन पाण्यांची भाजी

मुळेवालीच्या टोपलीत मातीचा कण सापडायचा नाही. मुळे पांढरेशुभ्र, माठाच्या जुड्या निथळत्या, खाली तिचा खांदा ओलाचिंब. "तीन पान्यांतून काडलेत, वैनी. तसेच चावून खावा," हे तिचं ठरलेलं. सासूबाई म्हणायच्या, "हिची भाजी आमच्या सुनेच्या आधी आंघोळ करून येते." ती सून मी.

पूर्वी ती धूतबीत नसे. रत्नागिरीबाहेर तिचा जमिनीचा तुकडा होता. भातकापणी झाली की तिथे ती भाजी करायची आणि शहरातून येणारं सोनखत घालायची. माणसांच्या मैल्याचं खत ते, पण मुळे मनगटाएवढे होत. "मातीत गेला का मातीच हुतो तो," असं म्हणायची. मेलेल्या लेकीचा एकुलता एक पोर, बाळ्या, तिच्याच पदरात होता. तो तिथेच उपटून तिथेच खायचा. पोटाचा नगारा, हातापायांच्या काड्या. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं आणि बजावलं, "कच्चं खायचं तर धुऊन."

तेव्हापासून तिला धुण्याचं वेडच लागलं. बाळ्याचा मुळा तर ती नारळाच्या सोडणाने घासायची. तरी पोर वाळतच गेलं. पुढच्या माघात त्याचं पोट फुगलं, ओकारीतून जंत पडला. दवाखान्यात नेईपर्यंत जंतांच्या गुंत्याने आतडं तुंबलं होतं. दुसऱ्या दिवशी बाळ्या गेला.

"धुतला व्हता मी," ती डॉक्टरांना सांगत राहिली. "कुठल्या पाण्यात?" त्यांनी विचारलं. मळ्याच्या खालच्या अंगाला खणलेल्या खड्ड्यात. वरचं सोनखताचं सगळं पाणी त्यातच झिरपायचं. हे सगळं तिनेच मला आमच्या पायरीवर बसून सांगितलं.

माझ्या लेकीला, कमळीलाही त्या वर्षी जंत झाले होते. राग यायला हवा होता, पण मला तिच्याकडे बघवेना.

सोनखत तिने सोडलं. मुळे बोटाएवढे झाले, तेही मातीसकट आणायची. गिऱ्हाइकं दुसऱ्या धुतलेल्या टोपल्यांकडे वळली. एकदा कमळीने तिच्या टोपलीतला मुळा तोंडाला लावला. मुळेवालीने तो हळूच काढून घेतला आणि माझ्या हातात दिला.

"शिजवून घाला, वैनी. मी काय कमी धुतला व्हता?"