रस्त्याकडे तोंड केलेली पॅनेलं

पेठ तालुक्यात फिरायचं असेल तर डिसेंबरात जा, हवा सुंदर असते, असं काहीतरी मी इथे लिहिणार होते. लिहीनच. पण आधी डोक्यातला राग उतरवते, नाहीतर नागलीच्या भाकरीचं कौतुक करता करता मध्येच शिव्या येतील.

मी नाशिकला, सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये काम करते. आम्ही सोलर पॅनेलचे लोखंडी स्टँड बनवतो आणि मी ते तपासते. भोकं ड्रॉइंगप्रमाणे पडलीत का, पुढचे पाय आखूड आणि मागचे लांब आहेत का, एवढंच. अकरा वर्षं झाली. आमच्याच छतावरचे सोडले तर आपला एकही स्टँड कुठे उभा असलेला मी पाहिला नव्हता. ऑफिसच्या भिंतीवर मात्र एक मोठा फोटो आहे. करवंदपाडा, पिण्याच्या पाण्याची सोलर योजना, उद्घाटन. मे महिन्याचं लख्ख ऊन, हार घातलेली पॅनेलं, पुढे उभी असलेली पांढऱ्या कपड्यांतली माणसं. डबा घेऊन जाता-येता मी तो फोटो बघायची आणि मनात म्हणायची, त्या हारांखाली माझी भोकं आहेत.

एकदा बघून तरी येऊ, असं ठरलं. शनिवारची साप्ताहिक सुट्टी, तिला रविवारची रजा जोडली, आणि मिलिंदराव, म्हणजे माझे यजमान, बाईक काढायला तयार झाले. ते फिटर आहेत. डिकीत पान्यांचा सेट घेतल्याशिवाय भाजी आणायलाही जात नाहीत. "सहलीला चाललोय ना? पाने कशाला?" मी विचारलं. "तू तरी कुठे सहलीला चाललीयेस, तू इन्स्पेक्शनला चाललीयेस," ते म्हणाले.

सकाळी सातला निघालो. मखमलाबादवरून पेठ रोडला लागायच्या आधी मिसळ खाऊन घ्या, पुढे धड काही मिळत नाही. दोघांचं दोनशेच्या आत झालं. स्वेटर हवाच, घाटात बोटं आखडतात. रस्ता तसा बरा आहे, पण गुजरातकडे जाणारे ट्रक वळणावर अंगावर येतात, तेव्हा घाई करू नका. पेट्रोल पेठमध्येच भरा. पेठपासून आत चौदा किलोमीटर, त्यातले शेवटचे तीन नुसते दगड. वाटेत विजेचे खांब दिसतात, निम्मे वाकलेले. घरातल्या दिव्यांपुरती एक तार पाड्यावर गेलीय. पावसाळ्यात झाड पडलं की आठ-आठ दिवस तीही नसते.

साडेअकराला पोचलो. रस्त्याला लागूनच कुंपण, आत आमचे दोन स्टँड, आठ पॅनेलं. तोच फोटो, फक्त माणसं नाहीत. मला काय आनंद झाला. म्हटलं, अहो, माझा एक काढा यांच्याबरोबर. ते मोबाईल घेऊन रस्त्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "काहीच दिसत नाहीये. ऊन थेट कॅमेऱ्यात येतंय. पॅनेलच्या मागून."

मागून? मी वळून पाहिलं. सूर्य पॅनेलच्या पाठीमागे, दक्षिणेला. पॅनेलच्या पाठीवर हात ठेवला, चांगली तापलेली. पुढच्या काचेवर ऊन नुसतं घसरत होतं. आपल्याकडे पॅनेलचं तोंड दक्षिणेला असतं, हे आमच्याकडे झाडू मारणाऱ्या मावशीसुद्धा सांगतील. इथे आठच्या आठ उत्तरेला बघत होती. उत्तरेला काय होतं? रस्ता.

तेवढ्यात कुंपणाशी एक बाई आली. डोक्यावर दोन हंडे, कडेवर एक कळशी. यमुनाबाई. पंप चालू-बंद करायचं काम तिच्याकडे आहे. मी स्टँड बनवणाऱ्या कारखान्यातली आहे म्हटल्यावर तिने हंडे खाली ठेवले आणि मला नखशिखांत न्याहाळलं.

"मंग तुम्हीच सांगा बाय, हे काहून मेलं? वैशाखात धो धो पानी यायचं, टाकी भरून वाहायची. दिवाळी झाली न् हे झोपलं. दुपारी तासभर रडतं न् गप. पाडा मला बोलतो. मीच बोलले होते ना मिटिंगला, की सोलर घ्या म्हणून."

मला लगेच कळलं. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो. तेव्हा पॅनेल उत्तरेला झुकलेलं असलं तरी भागतं. म्हणून उद्घाटनाला पाणी आलं, फोटो आला, बिल निघालं असेल. मग सूर्य दक्षिणेला सरकत गेला आणि पॅनेलं तिथेच पाठ फिरवून बसली. पाड्याला वाटलं, यातली शक्ती संपली.

यमुनाबाईंच्या घरी जेवलो. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, लसणीची चटणी. पैसे घेत नाहीत, तेव्हा जाताना तेल-साखर घेऊन जा. जेवताना तिचे दीर शिवराम आले. त्यांच्याकडून कळलं की सोमवारी ग्रामसभा आहे आणि त्यात ठराव होणार आहे, सोलर नको, काढून न्या, पंप चालेल अशी विजेची मोठी लाईन द्या. लाईन कधी येईल ते कुणी सांगत नव्हतं. तोवर खालचा झरा, उतरून चढून पाऊण तास, दिवसातून चार खेपा.

"गरिबाला सोलर न् शहराला तार," शिवराम म्हणाले. "चांगलं असतं तं तुम्ही नसतं का लावलं?"

मला इतकं लागलं ते. कारण आम्ही लावलंय. आमच्या कारखान्याच्या छतावर हेच स्टँड आहेत, हीच भोकं, आणि सगळी पॅनेलं दक्षिणेला. दुपारी निम्मी मशिनं त्यावर चालतात. मालकाचं बिल उतरलं म्हणून मालक खूश. तिथे कुणी म्हणालं नाही की तोंड रस्त्याकडे करा. या देशात रोज नवा कारखाना, नवी कॉलनी, नवा एसी. वीज लागणार, अजून लागणार, आणि ती कोळसा जाळून आणि डोंगरावर खांब पुरूनच आणायची असा काही नियम नाही. वर्षातले आठ महिने या पाड्यावर ऊन नुसतं पडून वाया जातं. ज्याला तार पोचत नाही त्याला ते आधी आणि नीट मिळायला पाहिजे. मिळतं काय, तर फोटोपुरतं. आणि मग शहाणे लोक म्हणतात, सोलर खेड्यात चालत नाही. चालत नाही काय, तुम्ही उलटं लावलंत.

कुंपणाच्या फलकावर ठेकेदाराचा नंबर होता. पाड्यावर एकाच चिंचेखाली रेंज येते, तिथून लावला.

"तोंड रस्त्याकडे पाहिजे असं वरून सांगितलं होतं मॅडम. उद्घाटन होतं ना."

"उद्घाटन झालं. आता फिरवा."

"माणूस पाठवतो. बघू, पुढच्या महिन्यात. आणि तुम्ही हात लावू नका हां, गॅरंटी जाईल."

मी फोन ठेवला आणि तिथेच बसले. खूप राग आला होता. पण खरं सांगायचं तर राग सगळा त्याच्यावर नव्हता. भिंतीवरचा तो फोटो मी किती महिने बघत होते. रस्ता, पॅनेलं, सगळं त्यात दिसत होतं. मी हार बघत बसले. स्टँडवर दिशेची खूण करावी, असं अकरा वर्षांत माझ्या मनात आलं नाही. भोकं बरोबर आहेत ना, पुढचं बसवणारा बघेल. हे माझंच वाक्य.

मिलिंदराव तोवर स्टँडखाली वाकून आले होते. "चारही पायांच्या खालच्या पट्ट्या सारख्याच आहेत," ते म्हणाले. "पुढचे पाय मागे, मागचे पुढे, एवढंच करायचंय. अठरा-एकोणीसचा पाना आहे."

मी यमुनाबाईंना सगळं सांगितलं. गॅरंटी जाईल, काही मोडलं तर तुमच्यावर येईल, हेही सांगितलं. तिने विचार केला असेल-नसेल.

"गॅरंटी पानी भरंल का?" ती म्हणाली.

रात्री त्यांच्याच ओटीवर झोपलो. रविवारी कामाला लागलो. (तुम्ही घरी असलं काही करू नका, पॅनेलवर ऊन आहे तोवर त्यात वीज असते.) आधी स्वीच बंद केला, मग प्रत्येक पॅनेलवर गोधडी. पाड्यातल्या आठ घरांच्या आठ गोधड्या. शिवराम लांब बिडी ओढत बसले होते, पण एका गंजलेल्या बोल्टला मिलिंदराव हरले तेव्हा उठून आले आणि पान्यावर सगळं वजन टाकलं. एक वायर आखूड पडली, ती फिरवून घेतली. माझं बोट चेमटलं. दीड वाजता आठही पॅनेलं रस्त्याकडे पाठ करून उभी राहिली.

यमुनाबाईंनी बटण दाबलं. पंप घरघरला. पाईप खोकला, हवा सोडली, मग टाकीत पाण्याचा आवाज आला आणि तो थांबला नाही. साडेतीन वाजले तरी चालू होता. कुणी टाळ्या-बिळ्या वाजवल्या नाहीत. बायका हंडे आणायला गेल्या. शिवरामनी टाकीच्या शिडीवर चढून आत बघितलं, उतरले आणि म्हणाले, "उद्या ठरावाचं बघू." उन्हं कलायच्या आत आम्ही घाट चढायला लागलो.

घरी येऊन आता तीन आठवडे झाले. बोटाचं नख काळं पडलंय. मालकांशी भांडून मी एक गोष्ट करून घेतली. आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक स्टँडच्या आखूड पायावर लाल रंगाचा बाण असतो आणि मराठीत लिहिलेलं असतं, हा पाय दक्षिणेला. रंग मी स्वतः मारते. फोटो अजून भिंतीवरच आहे, काढू देत नाहीत. मी त्याच्याकडे न बघता जाते.

काल यमुनाबाईंचा फोन आला, चिंचेखालून. त्या सोमवारी ठराव झालाच नाही. पाणी सकाळी नवालाच सुरू होतं, झऱ्यावर आता फक्त गुरं जातात. आणि परवा मोटारीतून योजनेचे साहेब आले होते, पॅनेल कुणी फिरवलं म्हणून ओरडत. रस्त्यावरून नुसते पाईप आणि लोखंड दिसतंय, आता फोटो कसा काढायचा, असं त्यांचं म्हणणं.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हटलं, पानी प्या साहेब. न् फोटो मागून काढा."