सशाच्या पायाची पट्टी

कन्नडची परीक्षा मी घोकून पास झालो. नोकरीत कायम व्हायला ती लागायची. प्रश्न ठरलेले, उत्तरं पाठ. पुढं वीसेक वर्षं निपाणीच्या कचेरीत ‘हौदरी, हौदरी’, म्हणजे होय जी, म्हणत निभावलं. कोगनोळीच्या अलीकडच्या आमच्या गावात मात्र ह्याला कन्नड येतं असा बोलबाला होता. तो मीच केलेला, आणि मोडायचं धाडस मला कधी झालं नाही.

आक्का, माझी थोरली बहीण, दाजी वारल्यावर आमच्याकडं राहायला आली. वर्षभर ती धड जेवत नव्हती. एका सकाळी तंबाखूच्या वावरातून ती पदरात सशाचं पिल्लू घेऊन आली. कुत्र्यानं धरलेलं, मागचा डावा पाय लोंबत होता. त्या दिवशी तिनं आपणहून चहा मागितला. बायको मला हळूच म्हणाली, “हे जगू दे बघा. न्हायतर वन्सं...”

वेताच्या बुट्टीत जुनं लुगडं अंथरून मी पिल्लू जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर नवीन, दक्षिणेकडून बदलून आलेले. त्यांनी बांबूची कामटी लावून पाय बांधला आणि हात धुता धुता भराभर सांगितलं, “पट्टी बिगि आदरे सडिल माडि.”

मी ऐकलं ते असं, की पट्टी बिघडली तर सडील. शेवटचं ‘माडि’ कानाच्या बाहेरच राहिलं. कंपाउंडर आमच्याच भागातला, दारात उभा होता. त्याला विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण मघाशीच त्यानं विचारलं होतं, “कन्नड येतंय न्हवं तुमास्नी?” आणि मी “व्हय की” म्हणून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी आक्का म्हणाली, “बोटं सुजल्यात रं. जरा सैल करूया काय?”

“हात लावू नकोस. डॉक्टरनं बजावलंय. सडील म्हणून सांगितलंय.”

“असं कन्नडात म्हणाला?”

“मग काय इंग्रजीत?”

ती हसली. “बरं बाबा, तू शिकलेला.” ड्रॉपरनं शेळीचं दूध पाजत बसली. पिल्लू ते प्यायचं, आणि मध्येच पाय ओढून घ्यायचा प्रयत्न करायचं.

तिसऱ्या दिवशी कचेरीतला शिपाई माझी खुर्ची हलवून म्हणाला, “स्क्रू सडिल आगेतरी सर.” त्यानं पाना आणला, स्क्रू आवळला. मी उभा होतो तसाच राहिलो. सडिल म्हणजे सैल. पट्टी घट्ट झाली तर सैल करा, एवढंच डॉक्टर म्हणाले होते.

इथून पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरी पोचलो तेव्हा आक्का बुट्टीजवळच बसली होती. गाठ सोडायला दोन बोटं पुरली असती. पण सोडली असती तर चुकलो म्हणावं लागलं असतं, बायकोसमोर आणि तिच्यासमोर. मनाशी म्हटलं, उद्या ही शेताकडं गेली की गुपचूप सैल करू. दुसऱ्या दिवशी ती शेताकडं गेलीच नाही. पिल्लू दूध घेईना म्हणून जागची हलली नाही. दुपारी वास यायला लागला. मी देवापुढची उदबत्ती उचलली आणि त्या कोपऱ्यात लावली. आक्का माझ्याकडं बघत होती. तिला वाटलं असेल, मी देवाला साकडं घालतोय.

पाचव्या दिवशी दवाखान्यात पट्टी सोडली. पाय गुडघ्यापर्यंत काळा पडला होता. कंपाउंडर म्हणाला, “सैल करा म्हणालं व्हतं की सायेब. ध्यानात आलं न्हाय व्हय?” मी बुट्टीतलं लुगडं सारखं करत राहिलो. इंजेक्शन दिलं. पिल्लू परतीच्या वाटेवरच गेलं. बुट्टीत हात घालून बघितलं तेव्हा ते गार लागलं.

आक्का दारातच उभी होती. मला काहीतरी बोलायचं होतं. तोंडातून आलं ते असं: “डॉक्टर विचारत होते, पट्टीला कुणी हात लावलता काय.”

तिनं बुट्टीतलं लुगडं बाजूला सारून बघितलं. मग म्हणाली, “मी लावलता रं. सुजलंय किती बघायला गाठ जरा चाचपली. सोडली न्हाय पर.”

न्हाय गं, तुझ्यामुळं न्हाय, एवढं म्हणायचं होतं. मी हातपाय धुवायला मोरीकडं गेलो.

त्याला आता सहा वर्षं झाली. तेव्हापासून आक्का गोठ्यात जात नाही. वासराला बाटली लावायला सांगितलं तर म्हणते, “माझ्या हाताला गुण न्हाय.” घरात हे सगळ्यांच्या सवयीचं झालंय. गेल्या महिन्यात माझी लेक बाळंतपणाला आली. बाळ दहा दिवसांचं होतं. लेकीनं ते आक्कापुढं धरलं, “घे की गं आत्त्या.” आक्कानं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि भिंतीला सरकली. “नको, माझ्याकडं नको देऊ.” लेक माझ्याकडं बघायला लागली. का, ते मला एकट्याला ठाऊक होतं. मी बाळ स्वतःकडं घेतलं आणि बाहेर अंगणात गेलो.