नुसतं ‘बंद’ लिहू नये

नागापूर एमआयडीसीतल्या ऑफिसात ती माझ्या शेजारी बसते. मूळची अकोले तालुक्यातली, भाताच्या पट्ट्यातली. गोदामात माल आला की शेतकऱ्याची पावती आपोआप तयार करणारा, ब्लॉकचेनवर चालणारा प्रोग्रॅम आम्ही दोघी लिहीत होतो. असा प्रोग्रॅम एकदा चढवला की बदलता येत नाही, म्हणून चुका आधीच धराव्या लागतात.

तिला नुसता नकार सहन होत नाही. लिफ्टवर कुणी ‘बंद’ अशी चिठ्ठी लावली, की ही चौकशी करून खाली लिहून येते, ‘दोर बदलतायत.’

प्रोग्रॅम चढवायच्या दिवशी सर नारळ घेऊन उभे होते आणि ही अजून तपासतच होती. तिनं ओल्या सोयाबीनची नोंद टाकून पाहिली. पावती अडली, ते बरोबरच होतं. पण मोबाईलवर एवढंच उमटलं, ‘व्यवहार रद्द.’

“सर, नारळ ठेवा बाजूला. का रद्द झाला, हे शेतकऱ्याला कसं कळायचं?”

“अगं, ते नंतर करू.”

“नंतर करता येत न्हाई, म्हणून तर आत्ता.”

मी तिच्या जागी असते तर नारळ फुटू दिला असता. संध्याकाळी तिथं ‘माल ओला आहे, वाळवून आणा’ असं दिसायला लागलं, तेव्हा कुठे तो फुटला. खोबरं खाताना सरच ती ओळ सगळ्यांना वाचून दाखवत होते.

सध्या ती रजा घेऊन गावी गेलीय. काल तिला फोन लावला, उचलला नाही. लगेच आपोआप मेसेज आला, तिनं आधीच लिहून ठेवलेला: ‘भातलावणी चालू हाय. हात चिखलात हायेत. अंधार पडला की करते.’

मी निवांत चहाला गेले.